घराभोवतीचे जुने वृक्ष आणि किनाऱ्यावरील वादळे



दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन थडकले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा काही तास वाहत राहिला आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, त्याचप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्ष पुरे होण्याच्या आतच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ सबंध कोकण किनाऱ्याला समांतर असे उत्तरेकडे गेले. त्यापूर्वी ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' येऊन गेले होते. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्र शांत, अशी जी एक समजूत किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या रूढ होती, तिला आता फारसा आधार उरलेला नाही.

वाड्यांच्या नुकसानीची चर्चा पुष्कळ झाली व ती व्हावयासच हवी होती. येथे मात्र विचार करावयाचा आहे तो घराच्या अंगणात, परड्यात, शाळेच्या आवारात किंवा देवळासमोर उभ्या असलेल्या जुन्या झाडांचा. पन्नास-साठ वर्षांचा रायवळ आंबा, आजोबांनी लावलेला फणस, विहिरीवरचा माड, शाळेपुढची चिंच, अशी ही झाडे. ही झाडे कोणत्याही बागायतीच्या योजनेत बसत नाहीत. त्यांना खत घालण्याची किंवा त्यांची तपासणी करण्याची चाल नाही. ती आहेत म्हणून आहेत. वादळात ती पडली म्हणजे घर मोडते, प्रसंगी माणूस दगावतो. आणि मग शेजारच्या दहा घरांतील धडधाकट झाडांवरही भीतीपोटी कुऱ्हाड चालते. वस्तुतः घराजवळ जी झाडे उन्मळून पडतात त्यांपैकी पुष्कळ झाडांचा घात वादळाच्या आधी कित्येक वर्षे, माणसाच्या हातून झालेला असतो. हे कसे घडते हे नीट समजून घेतले, तर कोणते झाड राखावे आणि कोणते उतरवावे याचा निर्णय भीतीवर सोपविण्याचे कारण पडणार नाही.

प्रथम वाऱ्याचा हिशेब पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी पन्नास किलोमीटरांच्या वाऱ्यात सहज डोलणारे झाड शंभराच्या वाऱ्यात दुप्पट नव्हे तर चौपट ताण सोसत असते. त्यात कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भिजून चिखल झालेल्या जमिनीची मुळांवरील पकड सैल होते. वादळ नेहमी आपल्याबरोबर पाऊस घेऊन येते, म्हणजे ज्या घटकेला झाडाला सर्वांत अधिक आधार हवा असतो त्याच घटकेला जमीन आधार काढून घेते. अशा वेळी झाडाची सारी भिस्त मुळांच्या पसाऱ्यावर असते.

या पसाऱ्याविषयी आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. झाड जितके उंच तितके मूळ खोल, असे समजले जाते. लहान वयात आंब्या-फणसाला सोटमूळ असते हे खरे. पण वाढलेल्या वृक्षाचा बहुतेक मूळसंभार जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतो आणि तो फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेला असतो. सड्यावरील कातळात जेथे भेगा आहेत तेथे मुळे त्यांत शिरून घट्ट बसतात. जेथे भेगा नाहीत तेथे ती ताटासारखी कातळावर पसरतात, आणि असे झाड पडले की मातीचे सबंध ताटच उभे राहते. माडाची गोष्ट निराळी. त्याला सोटमूळ नसतेच. बुंध्याच्या कंदापासून बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळे निघतात आणि त्यांपैकी बहुतेक कामाची मुळे बुंध्यापासून सुमारे दोन मीटरांच्या आत असतात.

आता गेल्या तीस-चाळीस वर्षांत घराभोवतीच्या जमिनीचे काय झाले ते आठवून पाहावे. शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जागी लादी आली, लादीच्या जागी सिमेंटचे ठोकळे आले. शौचालयाच्या टाकीसाठी खड्डा खणला गेला तो सोयीचा म्हणून फणसाच्या सावलीतच. नळपाणी योजनेचा चर आंब्याच्या बुंध्याला घासून गेला. रस्ता रुंद करताना खोदाई यंत्राने एका बाजूची मुळे तोडली आणि त्याच बाजूला चिऱ्याचा गडगा उभा राहिला. यांपैकी प्रत्येक काम आवश्यक होते, कित्येक कामे तर पंचायतीनेच केलेली. झाड मात्र त्या दिवशी काहीच बोलत नाही. पुढील तीन-चार वर्षे ते हिरवेगार दिसते. आतून तुटलेल्या मुळांच्या टोकांपासून कूज बुंध्याकडे सरकत असते. मग एखाद्या जूनमध्ये ते घरावर पडते आणि दोष सर्वस्वी वादळाच्या माथी जातो.

यास्तव सर्वांत पहिली आणि सर्वांत स्वस्त काळजी म्हणजे मुळांजवळ खोदकाम न करणे. चर खणावयाचाच असेल तर तो फांद्यांच्या घेराबाहेरून न्यावा. ते अशक्य असेल तर घेराच्या आत यंत्र न लावता हाताने खणावे, मनगटाएवढी मुळे न तोडता त्यांच्याखालून नळ सरकवावा. कामाच्या अंदाजपत्रकात मजुरीची एक ओळ वाढते, इतकेच. अंगणात फरसबंदी करताना खोडाभोवती मोकळी माती ठेवावी. दिल्लीतील झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली खोडाभोवती एक मीटरच्या परिघातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. एक मीटर हे अगदी किमान अंतर झाले. साठ वर्षांच्या फणसाला ते पुरेसे नाही. जागा असेल तेथे त्याहून अधिक सोडावी आणि त्या जागेवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. आच्छादन खोडाला मात्र टेकता कामा नये, कारण आपल्या दमट हवेत सतत ओली राहणारी साल कुजते.

याच कारणाने बुंध्यावर मातीचा भराव घालणेही घातक ठरते. झाडाभोवती पार बांधण्याची आपली जुनी रीत आहे. वड-पिंपळाला ती सोसते, कारण त्यांना नवी मुळे सहज फुटतात. आंब्याचा बुंधा दोन फूट मातीखाली गाडला तर त्याची मुळे श्वासावाचून मरतात व साल सडते. पार हवाच असेल तर तो बैठकीपुरता, खोडापासून दूर आणि आत मातीची पातळी न वाढविता बांधावा. आणखी एक सवय जवळजवळ प्रत्येक घरी आढळते. अंगण झाडून गोळा झालेला पाला झाडाच्याच बुंध्याशी पेटविला जातो. त्या धगीने सालीखालील जिवंत थर एका बाजूने मरतो, तेथून बुरशी शिरते, आणि पुढे जी ढोली होते तिला लोक झाडाचे वय म्हणतात.

ढोलीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. ढोली दिसली की झाड धोक्याचे, असे सरसकट मानण्याचे कारण नाही. झाडाचा मधला भाग हा निर्जीव लाकडाचा असतो. भार पेलण्याचे काम प्रामुख्याने बाहेरचे कवच करते. सुदृढ लाकडाच्या कवचाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एकतृतीयांश असेल आणि ढोलीचे तोंड फार मोठे नसेल, तर पोकळ झाडही पुष्कळ वर्षे उभे राहू शकते, असा ठोकताळा वृक्षपरीक्षक वापरतात. लाकडी ठोकळ्याने खोडावर सर्व बाजूंनी ठोकले असता आवाजातील फरकावरून पोकळीचा अंदाज येतो. ढोली सिमेंटने भरण्याची पद्धत मात्र आता टाकून द्यावी. सिमेंट वाऱ्याबरोबर वाकत नाही, लाकूड वाकते; दोहोंमध्ये फट पडते, तीत पाणी साचते आणि कूज वाढते.

खरा धोका दाखविणारी चिन्हे निराळी आहेत. बुंध्याशी किंवा वर आलेल्या मुळांवर उगवणारी कठीण, फळीसारखी बुरशी. दोन जाड फांद्या अरुंद कोनात एकमेकींना चिकटून वाढलेल्या आणि मधे साल दाबली गेलेली. त्या सांध्याखाली उभी चीर. आंब्याच्या खोडातून बाहेर येणारा भुसा, म्हणजे आत भिरूड आहे याची खूण. आणि सर्वांत गंभीर म्हणजे नव्याने आलेला कल. लहानपणापासून वाकडे वाढून शेंडा पुन्हा सरळ वर गेलेले झाड आणि गेल्या पावसात झुकलेले झाड यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात कलाच्या उलट बाजूस जमीन फुगलेली किंवा भेगाळलेली दिसते. असे झाड घरावर, शाळेवर किंवा रहदारीच्या वाटेवर झुकलेले असेल तर ममता बाजूला ठेवून ते उतरवावे. तेथे दिरंगाई क्षम्य नाही.

उरलेल्या झाडांच्या बाबतीत प्रश्न छाटणीचा येतो, आणि सर्वाधिक नासाडी येथेच होते. मे महिना उजाडला की झाडे 'हलकी' करण्याची घाई सुरू होते. मजूर कोयता घेऊन वर चढतो आणि शेंडा उडवून झाडाचा खुंट करून टाकतो. पैसे देणाऱ्यालाही काम झाल्यासारखे वाटते. असे झाड दुसऱ्याच वर्षी कापलेल्या टोकांवर झुबक्यांनी धुमारे फेकते. हे धुमारे लाकडाच्या गाभ्यातून निघालेले नसतात, ते वरच्या थराला केवळ चिकटलेले असतात. पाच-सहा वर्षांत ते मांडीएवढे जाड होतात, आणि त्यांच्या बुडाशी एव्हाना कूज धरलेली असते. म्हणजे शेंडा छाटलेले झाड पहिले एक-दोन पावसाळे सुरक्षित आणि नंतर पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक, असा हा व्यवहार आहे. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला तेवढे झुबके ठेवण्याची रीतही तितकीच वाईट; तिने सारे वजन फांदीच्या टोकाला जाते.

योग्य छाटणी दिसावयास फार थोडी दिसते. वाळलेल्या, चिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि छपरावर आलेल्या फांद्या काढणे, एवढेच तिचे काम. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये. फार जुन्या झाडाचा तर त्याहूनही कमी. जड फांदी एका घावात तोडली तर ती पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. यासाठी प्रथम बुडापासून हात-दीड हात अंतरावर खालच्या बाजूने थोडा काप घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी खाली सोडावी आणि शेवटी उरलेला खुंट करवतीने काढावा. हा शेवटचा काप कोठे घ्यावयाचा हे महत्त्वाचे. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. ते कडे राखून, त्याच्या लगेच बाहेर कापावे. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून असे दाखवून दिले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही; झाड कुजलेल्या भागाभोवती भिंत घालून त्याला कोंडून टाकते, आणि ही भिंत घालण्याची शक्ती त्या कड्यात असते. खोडाशी अगदी सपाट काप घेतला तर ते कडे नाहीसे होते. लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो.

कापावर काय लावावे, हा नेहमीचा प्रश्न. डांबर किंवा तेलरंग मुळीच लावू नये; त्याखाली ओल कोंडते. आंब्याच्या कापावर आपल्याकडे बोर्डो मलम लावण्याची शिफारस आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असे त्याचे प्रमाण आहे. मोरचूद व चुना निरनिराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे, लोखंडी भांडे वापरू नये. दमट हवेत बुरशीला आरंभी अटकाव करण्यास ते उपयोगी पडते. परंतु चुकीचा काप मलमाने बरोबर होत नाही, हे ध्यानात असावे. वाळलेल्या फांद्या पावसाआधी केव्हाही काढाव्यात. जाड हिरव्या फांद्यांचे काम मात्र पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर करावे. भर पावसात उघडी पडलेली जखम म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

माडाला छाटणी नाही. वाळलेल्या झावळ्या आणि तयार नारळांच्या पेंडी पावसाआधी उतरविल्या की त्याचे काम झाले. वाऱ्याची भीती म्हणून हिरव्या झावळ्या तोडू नयेत. माडाला वर्षाला सुमारे बारा झावळ्या येतात, आणि तोडलेली प्रत्येक झावळी म्हणजे गमावलेले अन्न. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. हिरवी झावळी तोडावीच लागली तर देठाचा सुमारे चार फूट भाग राखून तोडावी, म्हणजे त्या वाटेने भुंग्याची अळी खोडापर्यंत पोहोचत नाही. चढण्यासाठी खोडावर खाचा पाडणे, खिळे ठोकणे किंवा तार आवळणे हे तर कटाक्षाने टाळावे.

या कामांपैकी पुष्कळशी पंचायतीने एका बैठकीत मार्गी लावण्याजोगी आहेत. एप्रिल महिन्यात गावातील शाळा, अंगणवाडी, पाणवठा, बसथांबा आणि मुख्य रस्ता यांच्या आसपासच्या जुन्या झाडांची एक नोंदवही करावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजून घ्यावा, ढोली, बुरशी, चीर, कल यांची नोंद घ्यावी. मुलांना भूगोल व विज्ञान या दोन्ही विषयांचा तो उत्तम पाठ ठरेल, आणि दरवर्षी तीच वही पुढे चालविली म्हणजे कल जुना की नवा, हा वाद उरणार नाही. झाडांतून वीजवाहिनी जात असेल तेथे वीज कंपनीला लेखी कळवून पुरवठा बंद झाल्यावरच काम करावे.

झाड तोडावे लागते तेव्हा कायद्याची वाट ठाऊक असावी. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ लागू आहे व त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ या घरगुती झाडांचाही समावेश आहे. नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू होतो. २०२१ मधील सुधारणेने त्यात पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचे स्थान मिळाले. परवानगी ही अडवणूक आहे असे पुष्कळांस वाटते. अर्ज जूनमध्ये आला तर ती अडवणूक होतेच. नोंदवहीतील उताऱ्यासह तो एप्रिलमध्ये आला तर होण्याचे कारण नाही.

वादळ गेल्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत घाईचे आणि म्हणून सर्वांत धोक्याचे. आडव्या पडलेल्या खोडात व वाकून अडकलेल्या फांदीत धनुष्यासारखा ताण साठलेला असतो. चुकीच्या जागी करवत लावली तर ती फांदी उसळते. उपटलेले झाड बुंध्याजवळ कापले की मातीचे उभे राहिलेले ताट अकस्मात मागे बसते, म्हणून त्या खड्ड्यात कोणी, विशेषतः मुलाने, उतरता कामा नये. रस्ता मोकळा करणे आणि छपरावरचे ओझे काढणे ही कामे तत्काळ करावीत. उभ्या असलेल्या परंतु पाने झडलेल्या झाडांना मात्र हात लावू नये. वाऱ्याने व खाऱ्या फवाऱ्याने पाने करपलेला आंबा मेल्यासारखा दिसतो. मुळे जागेवर असतील तर तो पुन्हा पालवतो. त्याला एक पावसाळा अवधी द्यावा. निम्म्याहून अधिक मुळे तुटून पडलेले मोठे झाड उभे करण्याचा खटाटोप सहसा व्यर्थ जातो. दोन-चार वर्षांचे कलम मात्र दोन दिवसांच्या आत उभे करून, मुळांवर माती चढवून, तीन बाजूंनी आधार दिल्यास बहुधा जगते.

माडाचा निकाल त्याच्या शेंड्यावर असतो. त्याला वाढीचा कोंब एकच. तो मोडला तर माड संपला, आणि तो शाबूत असेल तर वाकलेला माडही फळ देत राहतो. वादळानंतर कोंबाभोवती साचलेला कचरा काढून एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे, नाही तर कोंब कुजण्याचा रोग संभवतो. पडलेल्या माडांचे ओंडके वाडीत तसेच कुजू देणे ही तर मोठीच चूक होय. कुजणारे खोड आणि शेणखताचे ढीग ही गेंड्या भुंग्याची सूतिकागृहेच आहेत; तेथे वाढलेले भुंगे वाचलेल्या माडांच्या कोंबावर येतात. ओंडके चिरून वापरावेत, विकावेत किंवा वाडीबाहेर नेऊन नष्ट करावेत. एकाने काढले आणि शेजाऱ्याने ठेवले तर उपयोग नाही, म्हणून हे काम वाडीवार ठरवून पंचायतीनेच हाती घ्यावे लागते. नुकसानीचा पंचनामा होण्यापूर्वी ओंडके हलवावे लागले तर आधी बुंध्यासह मोजदाद व छायाचित्रे करून ठेवावीत.

गेलेल्या झाडाच्या जागी नवे लावताना गुलमोहोर किंवा पर्जन्यवृक्ष यांचा मोह घराजवळ टाळावा. वाढ झपाट्याची, पण फांद्या ठिसूळ. समुद्राकडील बाजूस उंडी, करंज, बकुळ ही किनाऱ्याचीच झाडे खारा वारा चांगला सोसतात. जुन्या बुंध्याच्या खड्ड्यातच रोप लावू नये, कारण तेथे कुजणाऱ्या मुळांची बुरशी व वाळवी असते. दहा-बारा फूट बाजूला, आणि छपरापासून झाडाच्या पुऱ्या वाढीचा घेर मोजून जागा निवडावी. रोपाला काठीचा आधार पहिले वर्षभरच द्यावा व दोरी सैल बांधावी. वाऱ्यात थोडे हलत वाढलेल्या रोपाचेच खोड आणि मूळ जाड होते.